सुपारीतला बाप्पा

काल ताईच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. गुरुजींनी तांदळाच्या ढिगावर एक सुपारी ठेवली, म्हणाले, हा गणपती. झालं, आम्ही सगळे सुपारीला हात जोडून बसलो!

जेवणं उरकली आणि जिजूंच्या काकांनी नेमकी तीच सुपारी उचलून अडकित्त्यात धरली. ताईची छोटी मिनू किंचाळलीच, "आजोबा, तो बाप्पा आहे!"

"अगं, गुरुजींनी अक्षता टाकून मघाशीच हलवला त्याला. गेला तो. आता नुसती सुपारी."

"मग आला कुठून होता?"

"कोपऱ्यावरच्या वाण्याकडून!"

सगळे हसले. मिनूचे डोळे भरले.

आणि मला एकदम वाटलं, अरे, खरंच की! सकाळी पुडीतल्या सगळ्या सुपाऱ्या सारख्याच होत्या. मग आम्ही सगळे मिळून एकीकडेच बघत बसलो, एवढंच. देव बहुतेक त्या बघण्यातूनच येत असणार. आणि गुरुजी सुपारी हलवतात, तेव्हा आपण बघायचं थांबतो.

मिनू थांबली नव्हती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, अडकित्ता मिटला आणि सुपारी तिच्या तळहातावर ठेवली.

"घे बाई. तुझा अजून गेलेला दिसत नाही."

मग त्यांनी बडीशेप मागितली.