बोलण्याचा मसुदा, तीन प्रतींत

टेलिफोनचा शोध लागला तो माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून, आणि आमच्या अकोल्याच्या कॉलेजचे हेडक्लार्क जन्माला आले ते असं बोलणं कुठे होऊ नये म्हणून. त्यांना सारं कॉलेज बडेबाबू म्हणे. कॉलेजात टेलिफोन एकच होता आणि तो बडेबाबूंच्या टेबलाजवळ भिंतीला लागून एका सागवानी पेटीत राही. पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली जानव्याला, जानवं सदऱ्याच्या आत, सदऱ्यावर काळा कोट आणि कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. अकोल्याच्या मे महिन्यातसुद्धा. टेलिफोनची घंटा वाजली की आधी कोट उघडे, मग सदरा, मग जानवं ओढलं जाई, मग कुलूप निघे, आणि बडेबाबू रिसीव्हर कानाला लावत तोवर पलीकडचा माणूस कंटाळून जेवायला निघून गेलेला असे. यालाच ते सार्वजनिक साधनाचा जबाबदारीने वापर म्हणत.

वापराचे नियम त्यांनी स्वतः टाइप करून पेटीच्या दारावर चिकटवले होते. एकूण सव्वीस. रिसीव्हर डाव्याच कानाला लावावा, कारण उजवा हात लिहायला मोकळा पाहिजे. बोलताना हसू नये, कारण हसण्यात मिनिटं जातात. घरची खुशाली, लग्नकार्य, कापसाचा भाव, संत्र्याचा बहर आणि क्रिकेट हे विषय वर्ज्य. पलीकडचा जे बोलेल ते प्रत्येक वाक्य अर्जदाराने मोठ्याने परत म्हणावं, म्हणजे बडेबाबूंना ते वहीत उतरवता येईल. होय, वही होती. लाल कापडी पाठीची, हातभर लांब. कॉलेजच्या टेलिफोनवर उच्चारला गेलेला प्रत्येक शब्द तिच्यात होता. खोकलासुद्धा.

आणि अर्जदार म्हणजे तुम्ही-आम्ही. पेटीसमोर उभा राहिलेला माणूस प्राध्यापक असो, चपराशी असो की खुद्द प्राचार्य असोत, बडेबाबूंना तो अर्जदारच. अर्ज तीन प्रतींत. पहिल्या रकान्यात आपलं नाव, दुसऱ्यात कोणाशी बोलणार, तिसऱ्यात कारण, चौथ्यात आपण काय बोलणार त्याचा मसुदा, आणि पाचव्यात, हे मी मनाचं सांगत नाही, 'समोरचा काय म्हणेल (अंदाजे)'. एकदा मी विचारलं, "बडेबाबू, समोरचा काय म्हणणार हे ठाऊक असतं तर ट्रंक कॉल कोणी काहून लावला असता?" ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तेच तर. निम्मे अर्जदार पाचव्या रकान्यापाशी परत जातात. लाइन मोकळी राहते." लाइन मोकळी राहणं हे त्यांच्या आयुष्याचं ध्येय होतं. ती कशासाठी मोकळी ठेवायची, हा प्रश्न त्यांच्या कार्यकक्षेबाहेरचा होता.

बाहेरून येणाऱ्या टेलिफोनसाठीही अर्ज लागे. तुम्हाला टेलिफोन येणार असेल तर तीन दिवस आधी कळवायचं. आमच्या गणिताच्या सरांची बायको बाळंतपणाला अकोटला माहेरी गेली होती. तिथून सासऱ्यांनी मोठ्या हौसेने टेलिफोन लावला. बडेबाबू एवढंच म्हणाले, "त्यांचा अर्ज नाही," आणि रिसीव्हर ठेवून दिला. दुपारी वर्गात चपराशी मेमो घेऊन आला. सरांनी तो खडू हातात धरूनच वाचला: 'आपणांस पूर्वसूचनेशिवाय पुत्र झाल्याचा टेलिफोन आला. खुलासा करावा.' सर बाप झाल्याचा आनंद करायचा सोडून अर्धा तास खुलासा लिहीत बसले. खुलासा मान्य झाला. पुन्हा असं होणार नाही, असं मात्र लिहून घेतलं.

इतिहासाच्या सरांची गोष्ट वेगळी. ते वरूडचे, घरी संत्र्याची बाग, आणि संत्री हा विषय वर्ज्य. तेव्हा ते अर्जात विषय लिहीत 'मोगलांची चढाई', आणि टेलिफोनवर ओरडून विचारत, "हत्ती निघाले का? किती निघाले?" बडेबाबू मान खाली घालून सारं उतरवीत. ही विद्वत्तापूर्ण चर्चा बरेच दिवस चालली. एक दिवस सर नियमाप्रमाणे पलीकडचं वाक्य मोठ्याने परत म्हणाले, "सात हत्ती सडके निघाले? नागपूरच्या दलालाने परत पाठवले?" बडेबाबूंचा टाक थांबला. दुसऱ्या दिवशी पेटीच्या दारावर सत्ताविसावा नियम होता: 'हत्ती हा विषय वर्ज्य.'

हे सगळं हसण्यावारी नेणारे पुष्कळ होते. मी नव्हतो. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विद्यार्थ्यांच्या प्रत्येक मागणीचं पत्रक मी लिहीत असे, आणि माणसाच्या बोलण्यावर पहारा ठेवणं हा गुन्हा आहे असं माझं मत होतं. आजही आहे. स्वातंत्र्य येऊन बारा-चौदा वर्षं झाली, आणि इथे एक कारकून बायको-मुलांची विचारपूस वहीत लिहून घेतो, म्हणजे काय? मी गुलाबी कागदावर पत्रक छापलं. मथळा होता 'कॉलेजचा टेलिफोन कोणाच्या बापाचा?' मागण्या चार: पेटी काढा, अर्ज बंद करा, वही जाळा, लेखी माफी मागा. आणि शेवटी, कागदावर दोन बोटं जागा उरली म्हणून, मी आणखी एक ओळ टाकली: 'बडेबाबू स्वतः अमरावतीच्या आपल्या मुलीशी या टेलिफोनवर दिवसाला किती वेळा बोलतात, तेही एकदा जाहीर होऊ द्या.' त्यांची बायको कधीच वारली होती. एकुलती एक मुलगी अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवीत होती, तिच्या शाळेत टेलिफोन होता, आणि किल्ली यांच्या गळ्यात होती. मला पुराव्याची गरज वाटली नाही.

पत्रकाची एक प्रत मी स्वतः त्यांच्या टेबलावर आपटली. त्यांनी ती सावकाश वाचली, मागची कोरी बाजूही पाहिली, वर 'आवक' असा शिक्का मारला, आणि म्हणाले, "दोन प्रती कमी आहेत."

आम्ही प्राचार्यांच्या खोलीसमोर व्हरांड्यात दोन दिवस बसलो. परीक्षा तोंडावर आलेली. प्राचार्य भले गृहस्थ, भांडणाला भिणारे. शुक्रवारी त्यांनी बाहेर येऊन सांगितलं, "सोमवारपासून वही बंद. झालं समाधान?" आम्ही टाळ्या वाजवल्या. बडेबाबू दारात उभे होते. ते आत गेले आणि वही बंद होणार असल्याची नोंद त्यांनी वहीत केली.

शनिवारी सकाळी परीक्षेची हॉल तिकिटं आली. आमच्या भागाची परीक्षेची कचेरी अमरावतीला होती. तिथून एसटीने गठ्ठा आला, बडेबाबूंनी नावं पुकारली आणि सगळ्यांना तिकिटं मिळाली. माझ्या खोलीतल्या सोबत्याला, सुखदेवला, मिळालं नाही. सुखदेव बाळापूरचा. त्याचा बाप दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाई. त्यांच्या वस्तीतून बी.ए.पर्यंत आलेला हा पहिलाच. पहिला पेपर सोमवारी. हुकला तर वर्ष गेलं, आणि दुसरं वर्ष अकोल्यात राहण्याची त्याची सोय नव्हती. तो परत बाळापूरला गेला असता तो कायमचाच.

"मले वाटलंच होतं," तो म्हणाला. "फॉर्मवर धर्म विचारला होता. घरच्यांनी दीक्षा घेतली, तवापासून आमी बौद्ध. मी तेच लिहिलं. ते पाहूनच काही तरी झालं असन."

अमरावतीची कचेरी शनिवारी दोनला बंद होई. साडेअकरा वाजले होते. मी त्याला ओढतच पेटीपाशी नेलं आणि म्हणालो, "बडेबाबू, अमरावतीले अर्जंट ट्रंक लावा. याचं हॉल तिकीट आलं नाही."

त्यांनी खण उघडला आणि तीन कोरे अर्ज पुढे ठेवले.

"याचं वर्ष जाऊन राहिलं, अन् तुमी कागद देऊन राहिले?" माझा आवाज चढला. "तुमची वही तर सोमवारी बंद होऊन राहिली."

"आज शनिवार आहे," बडेबाबू म्हणाले.

मी अर्ज फाडणार होतो. सुखदेवने ते माझ्या हातातून काढून घेतले. "लिहू दे ना बाप्पा, आतापावतर लिहितच आलो आपण," म्हणाला, आणि उभ्याउभ्या त्याच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात रकाने भरू लागला. पाचव्या रकान्यात, समोरचा काय म्हणेल, तिथे त्याने जराही न थांबता लिहिलं: 'तुमचा फॉर्म आलाच नाही, असं म्हणतील.'

बडेबाबूंनी अर्ज वाचायला घेतला. पाचव्या रकान्यापाशी आले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला, पुन्हा वाचलं. "असं कसं म्हणतील?" ते स्वतःशीच म्हणाले. मग उठले, लाल वही घेतली, बोटाने ओळी मोजत मागे मागे गेले आणि एका पानावर पट्टी ठेवली. कोट, सदरा, जानवं, कुलूप. रिसीव्हर डाव्या कानाला.

लाइन लागायला चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ ते बसले नाहीत. लाइन लागल्यावर त्यांनी सुखदेवचं नाव सांगितलं, ऐकलं, आणि नियमाप्रमाणे मोठ्याने परत म्हणाले, "असा फॉर्म आलाच नाही." सुखदेवने मान खाली घातली.

"थांबा," बडेबाबू टेलिफोनमध्ये म्हणाले. आवाज तोच, मेमो वाचल्यासारखा. "गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, अकरा वाजून सात मिनिटांनी, याच टेलिफोनवर आपणच माझ्याशी बोललात. वाचून दाखवतो. 'अकोल्याचे सगळे फॉर्म मिळाले. एक बाजूला काढून ठेवला आहे. धर्माच्या ठिकाणी बौद्ध लिहिलं आहे. कुठे बसवायचा ते बघू.' बघू म्हटल्यावर आपल्याला खोकला आला. तोही लिहिलेला आहे."

वहीत नोंद झाली: 'कागद चाळल्याचा आवाज.' मग बडेबाबू परत म्हणू लागले, एकेक शब्द सुटा करून, "टेबलाच्या खणात सापडला. हॉल तिकीट. दुपारच्या एसटीने. कंडक्टरच्या हाती." आणि आपल्याकडून एकच वाक्य जोडलं, "आपलं नाव वहीत आहे. वही जपून ठेवतो."

सुखदेव खाली बसला. मी मात्र बसलो नाही. माझ्या डोक्यात भलतंच काही तरी पेटलं होतं. "म्हणजे महिन्याभरापासून तुमाले हे माहीत होतं," मी म्हणालो. "फॉर्म बाजूला काढला, हे तुमी तुमच्या हातानं लिहिलं. मग तवाच काहून नाही बोलले?"

माझा असा अनुभव आहे की असला प्रश्न विचारला की माणूस चिडतो. बडेबाबू चिडले नाहीत. ते वहीच्या त्या पानाकडे बघत राहिले. "बघू म्हणाले होते," ते म्हणाले. "मला वाटलं, बघतील." जरा वेळाने म्हणाले, "वहीत तो रकाना नाही."

हॉल तिकीट संध्याकाळी पाचला एसटी स्टँडवर आलं. सुखदेव सोमवारी पेपरला बसला आणि पास झाला, माझ्यापेक्षा वरच्या नंबराने. आणि त्या शनिवारी दुपारी आम्ही निघालो तेव्हा बडेबाबू सोमवारी बंद होणाऱ्या वहीत पट्टी धरून लाल शाईने प्रत्येक पानाच्या कडेला एक नवा रकाना आखत होते: 'पुढे काय केलं'. सोमवारी वही बंद झाली नाही. प्राचार्य विसरले, आणि मी त्यांना आठवण करून दिली नाही. वही वाईटच होती, हे मी आजही लिहून द्यायला तयार आहे. तीन प्रतींत.

गेल्या महिन्यात कॉलेजात गेलो होतो. बडेबाबू निवृत्त होऊन अमरावतीला मुलीकडे राहतात. मुलगी आता मुख्याध्यापिका झाली आहे आणि तिच्या क्वार्टरमध्ये टेलिफोन आहे. आमच्या कॉलेजात आता सुखदेव अर्थशास्त्र शिकवतो, आणि प्राचार्यांनी पेटीची किल्ली त्याच्याकडे दिली आहे. तो ती खिशात ठेवतो, एवढीच काय ती क्रांती झाली. त्याने मला एक जुनी फाइल काढून दिली. "तुयं पत्रक आहे याच्यात," म्हणाला.

गुलाबी रंग उडाला होता. चार मागण्यांवर काहीही शेरा नव्हता. शेवटच्या ओळीखाली, त्या मुलीच्या ओळीखाली, लाल शाईची रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पाहा: मागील कागद.'

मागे टेलिफोनचा एक अर्ज टाचलेला होता. माझ्या पत्रकाच्या दोन वर्षं आधीचा, म्हणजे मुलगी नुकतीच अमरावतीला नोकरीला गेली होती तेव्हाचा. अर्जदार: स्वतः बडेबाबू. कोणाशी: मुलीशी. कारण: ती गेल्यापासून पत्र नाही. आपण काय बोलणार: 'कशी आहेस.' समोरचा काय म्हणेल, हा रकाना कोरा. खाली लाल शाईत, 'खासगी. नामंजूर.' आणि दोन्हीकडे एकच सही.

मी दोन्ही सह्या पुन्हा पाहिल्या. सुखदेवने घड्याळ पाहिलं आणि पेटी उघडली. "लावू अमरावती? तिकडेच असतीन ते या वक्ताले." आणि खणातून तीन कोरे अर्ज काढून माझ्यापुढे सरकवले. मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

मी आयुष्यभर पत्रकं लिहिली, पण चौथ्या रकान्यापाशी माझा हात थांबला. माफी मागायची होती, ती कशी लिहितात ते आठवेना. शेवटी तिथे मी 'कसे आहात' एवढंच लिहिलं. पाचवा रकाना मात्र एका दमात भरला. समोरचा काय म्हणेल: 'अर्ज केला होता का?'