खांद्यावरची बोटं
तापलेल्या पळसाच्या पानाचा वास आला की बिरवाडीची ती कार्यशाळा आठवते. द्रोण दाबायच्या यंत्रावर मी आणि माझ्यासोबत काम करणारी एक मुलगी, अशा आम्ही दोघी असायचो. ती पान लावायची, मी पायाने दाबायचे. तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून दाबण्याआधी तिच्या खांद्याला हात लावायचा, असा नियम होता. पण ती ओठांवरून सगळं ओळखायची, त्यामुळे तिचं बहिरेपण मी विसरूनच गेले होते. एकदा ती खाली मान घालून पान सारखं करत होती. मी घाईत नुसतं "हात काढ गो" म्हटलं आणि पाय दाबला. दोन महिन्यांनी ती परत आली आणि माझ्या जागेवर बसली. आता पान मी लावायचे. दर द्रोणाआधी तिची आखडलेली बोटं माझ्या खांद्यावर टेकायची. मला तर ऐकू येत होतं. ती बोटं अजून टेकतात.