खुर्चीला सांगितलेला निरोप
माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वाकडं आहे, कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं, मी चौथीपर्यंतच शिकले. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास आला की मला नायगावची ती उंचावरची खोली दिसते, वाऱ्याने पडदे शिडासारखे फुगलेले. तिथे एक नवरा-बायको मिळून, न पटणाऱ्या जोडप्यांचं समुपदेशन करायचे. आम्ही दोघं तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हतो. सगळे निरोप सहा वर्षांच्या लेकीच्या तोंडून जायचे, "बाबांना सांग, जेवन वाढलंय." मग एक दिवस लेकीनेच बोलणं सोडलं, घरातही आणि शाळेतही, म्हणून आम्ही तिथे गेलो. त्या बाईंनी तिला आतल्या खोलीत चित्रं रंगवायला बसवलं, तिची खुर्ची मात्र आमच्या दोघांच्या मध्ये तशीच ठेवली, आणि त्या बाई नि त्यांचे यजमान, ज्यांना सगळे सर म्हणायचे, नुसते बसून राहिले. उन्हाचा तुकडा फरशीवर पाण्यासारखा डुलत होता. मला ठसका लागला. तसे हे सवयीने त्या खुर्चीला म्हणाले, "आईला इचार, पानी पायजे काय?" मीही खुर्चीलाच म्हटलं, "बाबांना सांग, पायजे." सर हसू दाबत म्हणाले, "दादा, खुर्ची काही उठायची नाही." तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारातून लेकीचा बारीक आवाज आला, "मी पन नाय सांगनार. तुमीच बोला." किती महिन्यांनी ऐकला तो आवाज! यांनी ग्लास भरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घे." आता लेक कॉलेजात जाते, आणि जेवताना आम्ही तिघंही एकदमच बोलतो, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.