मानाची जागा

आमच्या एसटीचं बॉनेट इतकं तापतं, की एकदा त्यावर ठेवलेल्या अंड्यातून पिल्लू निघालं आणि कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं. ही गोष्ट मी गावात शंभरदा सांगितली आहे, दर वेळी पिल्लं वाढवून.

परवा त्याच बॉनेटवर थर्माकोलचा डबा होता. तालुक्याहून ताराकाकूंचं इन्सुलिन येत होतं. औषध म्हणजे देवच, म्हणून कंडक्टरने ते ड्रायव्हरशेजारी, मानाच्या जागी ठेवलेलं. डब्यातून पाणी ठिबकत होतं आणि बॉनेटवर पडताच चुर्र होऊन नाहीसं होत होतं.

"अहो, बर्फ संपला की सगळा!" मी म्हणालो.

"बर्फ वितळायचाच. बाटली फुटली नाही ना?" कंडक्टर म्हणाला.

दूध नासलं तर फाटतं, मासळी नासली तर साऱ्या आळीला कळवते. औषध मात्र गुपचूप मरतं, आणि मेल्यावरही तसंच नितळ दिसतं. अशी किती मेलेली औषधं किती घरांत जपून ठेवलेली असतील, आणि रोज वेळेवर टोचली जात असतील!

फाट्यावर काकू वाट पाहत होत्या. साखरेने त्यांच्या पायाचा अंगठा आधीच नेला होता.

"काकू, हे टोचू नका! बॉनेटवर शिजून निघालंय!" मी खिडकीतून ओरडलो.

कंडक्टरने दिलेल्या डब्यातून काकूंनी बाटली काढून उजेडात धरली. अगदी स्वच्छ होती.

"आणि पिल्लं किती निघाली रे यातून, थापाड्या?" त्या हसल्या, आणि बाटली पदराच्या सावलीत जपत, लंगडत घराकडे निघाल्या.