भरताला नावं ठेवणारा

बदलीवर शहाद्याला आल्यावर बसस्टँडमागे एका बाईंची खानावळ सापडली. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी इतकी चांगली मी बाहेर कुठेच खाल्ली नव्हती. पण रोज एक म्हातारा नेमका माझ्यासमोर येऊन बसायचा आणि माझ्या जेवणाचा विचका करायचा.

भरीत बोटाने उलटंपालटं करत तो ओरडायचा, "बाई, मीठ कोठे शे? आनि हाई भाकर शे का पत्रा?"

"नको खाऊ मंग, बाबा!" बाई चुलीपासूनच उत्तर द्यायच्या.

तो मात्र ताट पुसून खायचा. एके दिवशी मी वैतागलोच. "बाबा, आवडत नाही तर रोज येता कशाला?"

त्याने हातातला घास खाली ठेवला. "म्हातारी व्हती तवय घर आम्ही असंच भांडूत. ती गई. आते घरमा कोणी उलटं बोलस नही."

तेवढ्यात बाईंनी टम्म फुगलेली भाकरी त्याच्या ताटात आपटली. "हाई बी करपेल शे म्हनशी ना?"

"करपेलच शे," तो म्हणाला, आणि मोठ्या समाधानाने त्याने भाकरी मोडली.