डाव्या मडगार्डची कड

त्याचं आडनाव फडके नव्हतं. पण उभा जन्म फडक्यांत गेला म्हणून गॅरेजवाल्यांनी ते ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की टपालही त्याच नावाने यायला लागलं. कुणी खरे फडके भेटून मूळ गाव विचारू लागले की त्याची पंचाईत व्हायची.

जुन्या गाड्या धुणं आणि त्यांना पॉलिश करणं, एवढंच त्याचं काम. बॉनेट हाताला गार लागेपर्यंत गाडीवर पाणी पडायचं नाही. अंगठी, घड्याळ, बक्कलाचा पट्टा आधी खिळ्याला टांगायचा. बादल्या दोन, एक साबणाची आणि दुसरी फडकं खळबळायची. "मातीचा एक कण फडक्यात राहिला, की तुम्ही गाडी धूत नाही, खरवडताय," तो म्हणायचा. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लागत नसे. ते बायको ओटा पुसायला घ्यायची.

हात मात्र जेवढे शांत, तेवढाच बाकीचा माणूस अस्वस्थ. पायाला भिंगरी. जेवताना दोनदा तरी उठायचा. "खुर्चीला काटे आहेत का?" बायको विचारायची. तो हसून पुन्हा उठायचा.

त्या सकाळी तो बादली भरत होता, तेव्हा शेडच्या दारात एक गडद हिरवी गाडी येऊन थांबली. गाडी त्याने बघताच ओळखली. बादली भरून वाहू लागली तरी नळ बंद करायचं भान राहिलं नाही.

गाडीतून पांढऱ्या केसांच्या, ठेंगण्या बाई उतरल्या. निवृत्त नर्स. कितीतरी वर्षं याच गाडीतून त्या घरोघरी रोगी बघायला जायच्या.

"रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, पहिल्यांदाच नेतेय," त्या म्हणाल्या. "रंग कंपनीतला आहे, जवळजवळ सगळा पहिलाच. तुम्ही जुन्या रंगाला फार जपता असं ऐकलं, म्हणून आले."

त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कसं? बावीस वर्षांपूर्वी ही गाडी दुसऱ्याच एका गॅरेजात आली होती. बाईंशी बोलला होता तिथला मालक. आत पॉलिशचं मशीन चालवत होता तो फडके. तरणाताठा होता, दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकून दाखवायची खुमखुमी होती. डाव्या मडगार्डच्या कडेवर, जिथे पत्रा वळतो आणि रंग मुळातच पातळ असतो, तिथे मशीन जरा जास्त टेकलं. हिरव्याखालून राखाडी प्रायमर वर आला, बोटभर लांब. त्याने मिळताजुळता हिरवा ब्रशने फासला, वरून मेण चोळलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. तेव्हापासून त्याने कुठल्याच कडेला मशीन लावलं नाही. पुढे तर मशीनच सोडलं. लोक या जपण्याला निगुती म्हणायचे. त्याला स्वतःला माहीत होतं, ती धास्ती होती.

बाईंनी स्टूल ओढलं. "मी इथेच बसले तर चालेल ना?"

"बसा की," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्याने टपापासून खाली येत गाडी धुतली, वर मऊ टॉवेल पसरून पाणी टिपलं. सगळीकडे हात फिरला, डावं मडगार्ड सोडून. शेवटी तिथे वाकावंच लागलं. ब्रशचा तो रंग निस्तेज झाला होता आणि एका टोकाला पोपडा सुटून राखाडी दिसत होतं. पुन्हा रंग लावायला दहा मिनिटं पुरली असती. बाईंच्या चष्म्याच्या काचा जाड होत्या. कुणाला काही कळलं नसतं.

तो उठला. घडी घातलेली फडकी उलगडून पुन्हा घडी घातली. नळापाशी गेला, परत आला.

"तुमचं काय बिनसलंय?" बाई म्हणाल्या. "मघापासून चार वेळा त्या नळाकडे जाऊन आलात. पाणी तर घेतच नाही."

"जेवून येतो," तो म्हणाला आणि शेडमागच्या घरात शिरला.

ताटावर न बसताच त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती आधी रागावली. "बावीस वर्षं मलासुद्धा बोलला नाहीत?" मग विचार करून म्हणाली, "त्यांना पत्ताच नसेल तर कशाला उकरून काढता?" तो नुसता ओट्यापासून दारापर्यंत चालत राहिला. तिने पाच-सहा फेऱ्या बघितल्या. "जा बाबा, सांगून टाका. नाहीतर आता आणखी वीस वर्षं या येरझाऱ्या मला बघाव्या लागतील."

त्याने सांगितलं. उभ्याउभ्या, फडकं पिळत.

बाई ओरडल्या नाहीत. मडगार्डपाशी येऊन त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. "पॉलिश करून गाडी घरी आली, त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ ती घेऊन गेला होता, सामान हलवायला," त्या सावकाश म्हणाल्या. "परत आणली तेव्हा मला हे दिसलं. तो म्हणाला, ताई, मी नाही केलं. मी म्हटलं, केलंस ते केलंस, वर रंग फासून खोटं बोलतोस? त्यानंतर त्याने माझ्या घरात पाय ठेवला नाही. नात्यात कुणी गेलं तर फोन करतो, तेवढाच."

फडके एक पाऊल पुढे आला. "बाई, मी..."

"माफी नको. मला ती आत्ता ऐकायचीच नाही." त्यांनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. "त्याला सांगा. जसंच्या तसं."

गाडीभोवती फेऱ्या घालत, अडखळत त्याने सगळं सांगितलं.

"बोटभरच होतं ना ते?" भाऊ म्हणाला.

"हो."

"मी तर तेव्हा नीट बघितलंही नव्हतं. तिने खोटारडा म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं." मग खाकरून, "ताई आहे का तिथे?"

फोन बाईंकडे देऊन फडके बाहेर पडला. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला. "काय हरवलंय का?" टायरवाल्याने विचारलं. तो तसाच पुढे गेला.

परत आला तेव्हा बाईंच्या हातात चष्मा होता आणि डोळे लाल झाले होते.

"त्या जागेचं काय करू?" त्याने विचारलं.

"हात लावू नका. आधी तो बघेल."

बाकीची गाडी त्याने हाताने, थोडं थोडं पॉलिश घेत पुरी केली. फडक्यावर हिरवा रंग जरा जास्त उतरतोय असं वाटलं की थांबायचा. संध्याकाळी बाई गाडी घेऊन गेल्या. सांगून टाकलं की ओझं उतरेल, अशी त्याची समजूत होती. उतरलं नाही. आता मडगार्डच्या जागी त्याला दोन माणसं दिसत होती.

रविवारी न राहवून तो प्रदर्शनाला गेला, पण कुंपणाबाहेरच थांबला. हिरव्या गाडीपाशी एक टकला, जाडजूड माणूस गुडघ्यांवर हात टेकवून मडगार्ड न्याहाळत होता. तो काहीतरी म्हणाला, तशी बाईंनी त्याच्या दंडावर चापट मारली. मग त्यांची नजर कुंपणाकडे गेली. त्यांनी फडकेला बोलावलं नाही.

तीन महिन्यांनी भाऊच गाडी घेऊन शेडवर आला. मडगार्डची कड एका जुन्या पेंटरकडून नीट करून घेतली होती.

"ताई म्हणाली, धुवायला इथेच आणायची."

"त्या नाही आल्या?"

"तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही तिचा." किल्ली त्याच्या हातावर ठेवत भाऊ हसला. "माझ्यावरचा जायला बावीस वर्षं लागली. तुम्ही तर आत्ता कुठे रांगेत उभे राहिलात."