भिंतीच्या फटीतलं निळं फूल

चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन वन्संच्या. घडी अर्धी झाली असेल नसेल, खिडकीत ऊन पडलं आणि वन्संनी आपली टोकं सोडून दिली. "ऊन आलं गं! फोन कुठाय माझा?"

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. सगळी हयात शिलाई मशीनवर गेली. गुडघे कुरकुरायला लागले तसं दुकान बंद केलं आणि शहरातल्या रानरोपांच्या नोंदणीच्या कामाला जायला लागल्या. छापखान्यामागच्या भिंतीच्या फटीत त्यांना नखाएवढं निळं फूल सापडलं. ही जात इथे अजून कोणी नोंदवलेली नाही. नोंदीची शेवटची तारीख आज, आणि हे फूल उघडतं फक्त उन्हात. आठवडाभर नुसतं मळभ.

नोंदणीच्या बाईंनी आधीचे दोन्ही फोटो परत पाठवले होते. एकात फूल होतं, खोड नव्हतं. दुसऱ्यात सगळंच धूसर. उघडं फूल, चौकोनी खोड आणि पानामागचे काळे ठिपके, तिन्ही एकाच दिवशी एकाच रोपावर दिसायला हवेत म्हणे.

"उपटून घरीच आणा ना," वाटेत मी म्हटलं.

"उपटू? मग नोंद कसली, तेराव्याची?"

पोचलो तर फटीला खेटून कोणाची तरी स्कूटर. वॉचमन हसला. "आजी, गवतासाठी गाडी हलवू?"

"आजी कोणाला म्हणतोस? आणि गवत असेल तुझ्या डोक्यावर!"

स्कूटरवाला सापडेपर्यंत निम्मं ऊन गेलं. वन्सं कण्हत खाली बसल्या, खोड चिमटीत फिरवलं. "चौकोनीच. कडा लागतात बघ बोटाला." पान उलटलं, ठिपके दिसले. दोन्ही फोटो लख्ख आले. फुलाकडे वळवला तर फोन भिंतीलाच धरून बसला. विटा स्वच्छ, फूल धूसर. पुन्हा तेच, पुन्हा तेच. मी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. उघडले तो वर ढग, आणि फूल मिटायला लागलेलं. देवाशी हुज्जत घालायची माझी रीत नाही, पण आज अगदी ओठावर आलं होतं.

वन्संनी तिथूनच फोटो पाठवले, फोन लावला. "खोड छान आलंय, मावशी," बाई म्हणाल्या. "पण फुलाशिवाय नाही घेता येणार."

"बरोबर बोलते मेली," फोन ठेवून वन्सं म्हणाल्या, "म्हणून तर डोकं जास्त फिरतं!"

आता त्या तशाच उठून नोंदणी कार्यालयात निघाल्यात, एका दिवसाची मुदत मागायला.